उपवासाला चालतं

“नाडी पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायची नाही, सुनंदा. पूर्ण मिनिट मोजायची. घाई असेल तर घरी जायचं.”

उपकेंद्रातल्या माझ्या पहिल्याच दिवशी खापर्डे सिस्टर मला हे म्हणाल्या होत्या. त्या जाऊन बरीच वर्षं झाली. मला निवृत्त होऊनही चार वर्षं होतील. तरी कुणाचं मनगट हातात आलं की त्यांचा आवाज कानात येतो आणि साठ सेकंद भरेपर्यंत माझी बोटं सुटत नाहीत.

पिंपळशेंड्यात मला सगळे नर्सबाई म्हणतात. बायका ताई म्हणतात, ते दुसऱ्या कारणानं. पहाटे अंघोळ, दत्ताच्या देवळातल्या औदुंबराला अकरा फेऱ्या, घरी येऊन पोथीचा एक अध्याय, आणि तोवर तोंडात चहाचा घोट नाही. हे माझं रोजचं. त्यामुळे गावातल्या बायका दोन गोष्टी विचारायला माझ्याकडे येतात. ही गोळी जेवणाआधी घ्यायची की नंतर, आणि अमुक उपवासाला चालतं का.

दुसरा प्रश्न वाटतो तितका लहान नाही. भगर चालते, रताळं चालतं, जिरं एका घरात चालतं आणि शेजारच्या घरात चालत नाही. बाजारात काही नवं आलं की कुणीतरी ठरवावं लागतं. आमच्या गावात ते मी ठरवायची. माझा नियम एकच होता: दुसरीला चालतं म्हणण्याआधी स्वतः करून बघायचं.

चकतीच्या बाबतीतही मी तेच केलं.

आमचा मुलूख संत्र्याचा. संत्र्याचं झाड सरळ बी लावून करत नाहीत. खाली कडू जातीचा दणकट खुंट, वर गोड जातीचा डोळा बांधायचा. पूर्वी खुंट जंबेरीचे असायचे. अलीकडे रोगाला न बधणारा कडू नारिंगाचा खुंट आला. खुंटाला खालून फूट आली की आमचे हे ती दिसेल तिथं खुडून टाकायचे, कारण तिला धरणारं फळ इतकं कडू की माकडंसुद्धा चावून फेकून देतात. मग कंपनीनं तेच फळ मागायला सुरुवात केली. कोवळं, हिरवं, लिंबाएवढं असतानाच तोडलेलं. पाच वर्षांत तालुक्यात कडू नारिंगाच्या वेगळ्या बागा उभ्या राहिल्या. आमचीही दोन एकर आहे.

कंपनीच्या ईशानी मॅडम पहिल्यांदा देवळाच्या सभामंडपात आल्या तेव्हा त्यांनी नीट समजावून सांगितलं होतं. कडू नारिंगात सिनेफ्रिन नावाचं द्रव्य असतं. आपण घाबरलो, धावलो की शरीरात जे रसायन सुटतं, त्याचं हे लांबचं भावंड. त्यानं अंगातली चरबी थोडी जास्त जळते. फार वर्षांपूर्वी याच्या गोळ्या निघाल्या होत्या. वजन किती उतरतं याचा धड पुरावा नव्हता, आणि कॉफीबरोबर घेतल्या की काहींची छाती धडधडायची, रक्तदाब चढायचा. कारण ती गोळी आंधळी होती. गिळली की सगळी एकदम अंगात.

“ही चकती आंधळी नाही,” मॅडम म्हणाल्या आणि रुपयाएवढी, नारिंगी रंगाची ती वस्तू त्यांनी तळहातावर ठेवून दाखवली. दंडाला चिकटवायची. आतल्या केसाहून बारीक सुया कातडीतून अर्क थेंबाथेंबानं सोडणार. चरबी जळली की घामात एक खूण उतरते. चकती ती खूण ओळखते. खूण दिसली की औषध मानवतंय असं समजून मात्रा जराशी वाढवते. आणि नाडी एकशेदहाच्या वर गेली की आपोआप बंद होते. हिरवा दिवा म्हणजे सगळं ठीक.

अडचण वेगळीच निघाली. चकती तीन आठवडे माणसाचं अंग शिकत असते. मध्ये काढली की शिकलेलं विसरते. आणि आमच्याकडच्या बायका उपवासाच्या दिवशी ती काढून ठेवत. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी, कुणाचा शनिवार. महिन्यातले दहा-बारा दिवस चकती देव्हाऱ्याखालच्या खणात.

“मॅडम, आमच्या घरात तुमची चकती काही शिकत नसते,” माझी धाकटी जाऊ दुर्गा म्हणाली. “आमचे हे पंचवीस वर्षांत शिकले नाहीत, तं ती काय तीन आठवड्यांत शिकते.”

सगळ्या हसल्या. मॅडमही हसल्या, पण त्यांची नजर माझ्याकडे वळली. त्यांना कुणीतरी आधीच सांगितलं असणार.

त्या गुरुवारी मी चकती दंडाला लावली. दिवसभरात दूध, एक केळं, संध्याकाळी भगर. दर दोन तासांनी नाडी मोजली, पूर्ण मिनिट. शहात्तर, अठ्ठ्याहत्तर, चौऱ्याहत्तर. दिवा हिरवा. शुक्रवारी मी मंडपात सांगितलं, “तोंडातून पोटात काही जात नाही. अर्कही फळाचाच आहे. उपवासाला चालतं.”

एवढंच बोलले मी.

पुढच्या आठवड्यात मॅडमनी मला शाळेच्या खोलीत बसवून माझा आवाज घेतला. तीनशे वाक्यं वाचायची होती. गाईला चारा घाल. झाडाची सावली लांब पडली. सगळे उच्चार यायला हवेत, म्हणाल्या. गावोगावच्या बायका फोनवरून चकतीला शंका विचारतील तेव्हा त्यांना घरातल्या माणसासारखा आवाज ऐकू यावा. मी सही केली. मला बरं वाटलं होतं, खोटं कशाला बोलू. आयुष्यभर मी हळू बोलत आले. लग्न होऊन आले तेव्हा सासरे म्हणायचे, हिचं बोलणं ऐकायला हिच्या तोंडाशी कान न्यावा लागतो. आता अठरा जिल्ह्यांत तो आवाज जाणार होता.

दुर्गाचं घर आणि आमचं घर एका भिंतीला भिंत. तिचे यजमान, म्हणजे माझे दीर, पुण्याला एका गोदामात कामाला. वर्षातून दोनदा येत. मागच्या दिवाळीत चार पाहुण्यांदेखत म्हणाले होते, हिच्यासाठी दार रुंद करावं लागते आता. दुर्गा सगळ्यांत मोठ्यानं हसली होती. पाहुणे गेल्यावर तिनं तीन ताटं घासून परत घासली.

चकतीनं तिचं वजन चौऱ्याऐंशी किलोचं एकाहत्तर केलं. जुने ब्लाउज उसवून आत घ्यायला ती माझ्याकडे आली तेव्हा आरशापुढून हलेना. दीर दर रविवारी फोन करायला लागले. ती फोन भिंतीच्या या बाजूला ऐकू येईल अशा बेतानं घ्यायची. मला आनंद व्हायचा. दंडावरचा तिचा हिरवा दिवा पदराआडून दिसला की मी मनात म्हणायची, दत्तगुरू, असंच राहू दे.

श्रावण लागला तेव्हाची गोष्ट. दुपारी मी अंगणात वाती वळत बसले होते. भिंतीपलीकडून मला माझाच आवाज आला.

“हो ताई, काळा चहा चालतो. दोन-तीन कप घ्या, थकवा येणार नाही.”

माझ्या हातातला कापूस तसाच राहिला. मी उठून पलीकडे गेले. दुर्गा ओट्यावर फोन पुढ्यात ठेवून बसली होती.

“चहाचं मी कधी बोलले?”

“तुम्ही नाही बोलल्या. तुमचा आवाज बोलला.” तिनं कपात चहा ओतला. “अन् खरं सांगू का बाई, तुमच्यापेक्षा तोच बरा. विचारलं का लगेच सांगतो. तुम्ही आधी पोथी मिटता, मंग चश्मा काढता, मंग म्हणता, बघू.”

“अगं, पण मी म्हटलंच नाही ते.”

“उपवासाला चहा चालतच असते. त्याच्यात काय खोटं आहे?”

खोटं काहीच नव्हतं. तरी त्या दिवसापासून माझं चित्त ठिकाणावर राहिलं नाही. जपाची माळ हातात घ्यावी तर मणी मोजायचे राहून कान भिंतीकडे. त्या आवाजात माझी ती किंचित थांबण्याची लकबही होती. मी थांबते ते विचार करायला. तो कशाला थांबत होता, कोण जाणे.

शेवटच्या श्रावणी सोमवारी, बारा-साडेबाराला, दुर्गानं भिंतीवरून हाक मारली. “बाई, जरा येता का. डोळ्यापुढं काजवे चमकून राहिले.”

ती पायरीवर बसली होती, डोकं दाराच्या चौकटीला टेकून. सकाळपासून पोटात फक्त काळा चहा. दंडावर हिरवा दिवा. मी मनगट हातात घेतलं आणि घड्याळाकडे बघत पूर्ण मिनिट मोजलं. अडुसष्ट. माझ्या गुरुवारच्या नाडीहून चांगली. माझा जीव भांड्यात पडला. मी म्हणणार होते, अगं काही नाही, ऊन लागलं असेल.

पण बोटांखाली काहीतरी वेगळं होतं. ठोके सावकाश पडत होते, पण पाणी तुंबलेल्या नळीसारखे ताठ. मी पहिल्यांदा तिच्या तोंडाकडे बघितलं. कानशिलावरची शीर उडत होती. ती हसायला गेली आणि तिचं तोंड एकाच बाजूनं हसलं.

ट्रंकेतून रक्तदाबाचं जुनं यंत्र काढून मी पट्टा तिच्या दंडाला बांधला. दोनशे चोवीस, एकशे अठ्ठावीस. परत मोजलं. तेच.

चकती मी नखानं सोलून काढली. चोवीस बारीक लाल ठिपके उमटले होते तिथं. ओट्यावरचा फोन लगेच बोलला, माझ्याच मऊ आवाजात. “दुर्गाताई, चकती निघाली आहे. पुन्हा लावून घ्या. आज तुमची प्रगती फार छान आहे.”

वरुडच्या दवाखान्यात डॉक्टर टेकाडे होते म्हणून दुर्गा वाचली. डोक्यात एक बारीक रक्तवाहिनी फुटली होती. डावा हात आणि जीभ जड झाली. संध्याकाळी डॉक्टरांनी मला बाकावर बसवून कागदावर काढून दाखवलं.

“उपाशी माणसाची चरबी तशीही जळते, सिस्टर. घामात ती खूण येणारच. चकतीला वाटलं आपलं औषध लागू पडतंय. तिनं मात्रा वाढवली. खूण अजून दाट झाली, तिनं अजून वाढवली. ज्या लोकांवर तिची तपासणी झाली ते तिन्ही वेळा जेवणारे होते. त्यात उपवासवाली कुणी नव्हती.”

“पण एकशेदहाच्या वर नाडी गेली की ती बंद होते ना?”

“गेली कुठं? रक्तदाबासाठी त्या कोणती गोळी घेतात, बघा.”

बघायची गरज नव्हती. नाडी संथ ठेवणारी गोळी. चकतीला रक्तदाब दिसत नाही, फक्त नाडी दिसते, आणि नाडीला गोळीनं बांधून ठेवलेलं. अर्क शिरा आवळत होता आणि पहारेकऱ्याला काहीच ऐकू जात नव्हतं. निवृत्त होईपर्यंत ती गोळी उपकेंद्रात दर महिन्याला मीच दुर्गाच्या हातावर ठेवत आले होते. आणि त्या गुरुवारी मी स्वतःवर जे करून बघितलं, त्यात मीही फक्त नाडीच मोजली होती. दूध पिऊन, केळं खाऊन, एका बारीक अंगाच्या, गोळी न घेणाऱ्या बाईवर. एक दिवस.

“अंगात पाणी असेल तर यातलं पुष्कळसं लघवीवाटे निघून जातं,” डॉक्टर सहज म्हणाले. “यांनी चहा तरी घेतला होता. निर्जळी असती तर मला काही करता आलं नसतं.”

तो सोमवार. मंगळवारी पोळा. शुक्रवारी हरतालिका.

मी ईशानी मॅडमना तिथूनच फोन लावला. त्यांनी मध्ये न बोलता सगळं ऐकून घेतलं. त्या वाईट बाई नाहीत.

“ताई, मी आत्ता वर कळवते. गोळ्या घेणाऱ्यांसाठी एक प्रश्न घालता येईल. पण बदल तपासूनच सोडावा लागतो. पंधरा दिवस तरी.”

“शुक्रवारी हरतालिका आहे.”

“त्याआधी नाही होणार, ताई.”

“मग निदान माझा आवाज तरी बंद करा.”

“ताई, तो आता तुमचा आवाज असा नाही राहिलेला. म्हणजे, तो शिकलाय. तुमच्या एका वाक्यावरून त्यानं बाकीची उत्तरं तयार केलीत. एक उत्तर काढायचं तर सगळं थांबवावं लागेल, आणि ते माझ्या हातात नाही.” मग हळूच म्हणाल्या, “माझी आईसुद्धा लावते हो. मी तिला काढायला सांगते.”

फोन ठेवून मी दुर्गाच्या फोनवरून चकतीला विचारलं. जे मला कुणी कधी विचारलं नव्हतं, ते.

“हरतालिकेच्या निर्जळी उपवासाला चालतं का?”

तो आवाज किंचित थांबला. मग म्हणाला, “हो ताई, चालतं. तोंडातून पोटात काही जात नाही. मनोभावे व्रत करा, देव पाठीशी आहे.”

देवाचं नाव मी त्या तीनशे वाक्यांत कुठंच घेतलं नव्हतं.

मंगळवारी सकाळी मी स्वतः बोलून एक निरोप तयार केला. मी सुनंदा हिवसे बोलते, मी चुकले, उपवासाच्या दिवशी चकती लावू नका, निर्जळीत तर मुळीच नको, रक्तदाबाची गोळी घेत असाल तर चकती आजच काढा. गावाच्या गटावर पाठवला, माहेरी पाठवला, जुन्या सगळ्या नर्सबायांना पाठवला. तासाभरात तो सगळीकडे लाल पट्टी लागून परत दिसायला लागला. पट्टीवर लिहिलं होतं, हा आवाज बनावट असू शकतो. आजकाल कुणाचाही आवाज काढून लोकांना फसवतात, म्हणून प्रत्येक आवाजाची नोंद ठेवतात. माझ्या आवाजाची नोंद कंपनीच्या नावावर होती. तो खरा. मी खोटी.

बुधवारी मी मंडपात बायकांना समोरासमोर सांगितलं. ऐकून घेतलं सगळ्यांनी. मग एकीनं फोन काढून विचारलं, चालतं का, आणि माझ्यासमोर माझा आवाज म्हणाला, हो ताई, चालतं.

“आता तुमचं कोणतं ऐकायचं, ताई?” ती म्हणाली. थट्टा नव्हती त्यात, खरंच विचारत होती.

“दुर्गीचं रक्त आधीपासून बिघडेल होतं,” दुसरी म्हणाली.

पोस्टाच्या नलूबाईंनी मागून खांबाकडे बघत म्हटलं, “जावेचं अंग उतरलं, नवरा फोन करायले लागला. घरात पाहवत नसते एखाद्याले.”

मला मोठ्यानं बोलता येत नाही. घरी येऊन देवापुढं बसले, पण पोथीची ओळ पुढं सरकेना. एकच ओळ चारदा वाचली. उठले, भांडी पुसली, पुसलेली परत पुसली. हे बागेतून आले.

“मग काय करायचं म्हणतेस? दोन एकर उपटून टाकू?”

“मी झाडांबद्दल बोललेच नाही.”

“तू नाही बोलली. पण लोक चकती काढतील तं फळ कोण घेईल?” पाय धुताना ते पाठमोरेच म्हणाले. “झाडानं काय पाप केलं त्याच्यात?”

झाडानं काहीच केलं नव्हतं, तेही खरं.

गुरुवारी मी वरुडच्या दवाखान्यात दुर्गाकडे गेले. उशीला टेकून बसवलं होतं तिला. तोंड अजून वाकडं, शब्द ओले, जड. मला बघून तिनं मान भिंतीकडे फिरवली.

“माही चकती कुठं आहे?”

“डॉक्टरांकडे.”

“आणून द्या. बरी झाली का मी परत लावीन.” मग ती माझ्याकडे वळली. “तुम्हाले वाटत असन, तुमच्या शब्दावर लावली मी. मी पातळ व्हायले लावली, बाई. तुम्ही नाही म्हटलं असतं तं चोरून लावली असती. उगा सगळं पुण्य-पाप आपल्याच अंगावर घेऊ नका.”

मी तिचा डावा हात दाबत राहिले. बोटं हलत होती, पण आपली नसल्यासारखी.

“प्रभाले तीच गोळी आहे,” ती एकाएकी म्हणाली. प्रभा तिची सख्खी बहीण. सावंगीत दिलेली. “राखीले आली होती तं मीच लावून दिली तिले. हौसेनं. तिचा निर्जळी असते उद्याचा, थुंकीबी गिळत नाही ती. मी नर्सकडून फोन लावला सकाळी. माहं बोलणं ऐकून म्हणते, हा आवाज दुर्गीचा नाही. ठेवून दिला तिनं.”

तिच्या एकाच डोळ्यातून पाणी येत होतं. दुसरा नुसता उघडा होता.

“तुम्ही जा. ती सकाळच्या पूजेले बसायच्या आधी.”

“माझंही ऐकणार नाही ती. काल गावातल्यांनी ऐकलं नाही.”

“ते मले माहीत नाही. तुम्ही जा.”

“जाते.”

“जाते म्हणू नका. शब्द द्या.”

मी शब्द दिला. दिल्यावर मला कळेना की मी तिथं जाऊन करणार काय. तोंडानं सांगायचं, तर तोंडाला आता किंमत उरली नव्हती. वरुडहून परतताना गाडीत मी हाच विचार करत होते. पुढच्या बाकावर दोघी जणी उद्यासाठी बेल, फुलं, केवडा घेऊन चालल्या होत्या. एकीनं दुसरीला बाटली पुढं केली आणि म्हणाली, पी आजच पोटभर, उद्या कुठं मिळते.

तेव्हा मला ते सुचलं.

लग्नाच्या पहिल्या भाद्रपदापासून मी हरतालिका निर्जळी धरत आले आहे. चौतीस वर्षं. दिवस भरत आले होते तेव्हाही धरली, ताप होता तेव्हाही. आमच्या अख्ख्या टापूत बायका एकमेकींना सांगतात, हिवशांच्या सुनंदाची हरतालिका बघा.

संध्याकाळी मी ह्यांना सांगितलं. ते कातरीला तेल देत बसले होते.

“उद्या मी पाणी पिणार आहे. सगळ्यांसमोर. प्रभाच्या दारात पिणार, आणि तिला पाजणार. आवाज कुणाचाही काढता येतो. समोर उभी राहून व्रत मोडणारी बाई काढता येत नाही.”

त्यांचा हात थांबला. “व्रत कोणासाठी असते हरतालिकेचं?”

“तुमच्यासाठीच.”

“मग मले विचारून राहिली का सांगून राहिली?”

“सांगते आहे.” मग राहवलं नाही. “भीतीही वाटते.”

ते कातर उघडझाप करून बघत राहिले. “चौतीस वर्षं तुह्या उपासावर जगलो असं सगळे म्हणतात. एखांदं वर्ष आपल्या जिवावर जगून पाहतो. जमन मले वाटते.” कातर खुंटीला अडकवत ते म्हणाले, “बागेचं मंग पाहू. कडू खुंटावर डोळा बांधता येते परत. दोन वर्षं जाईन.”

शुक्रवारी उजाडायच्या सुमारास मी अंघोळ केली. औदुंबराच्या फेऱ्या घातल्या. अध्यायाला वेळ नव्हता. हात जोडून म्हटलं, आज राहिला, माफ करा. स्वयंपाकघरात माठातलं पाणी मी बाटलीत भरलं. हे दाराशी उभे होते. बाटलीचं झाकण सैल होतं ते त्यांनी घट्ट करून दिलं.

सभामंडपात बायका वाळूची पिंड करायला जमल्या होत्या. ओल्या वाळूचा ढीग, बेलाच्या जुड्या, हिरव्या बांगड्यांचा आवाज. सहा-सात दंडांवर पदराखालून हिरवे दिवे. नलूबाईंनी माझ्या हाताकडे बघितलं.

“पाणी कोणासाठी, ताई?”

“माझ्यासाठी.”

मी पायरीवर उभी राहिले, जिथून सगळ्यांना दिसेल. झाकण काढलं. घशाला सवय नव्हती. पहिला घोट तोंडातच राहिला, आत उतरायलाच तयार होईना. डोळे मिटावेसे वाटत होते, पण मिटले असते तर त्यांना वाटलं असतं की मी देवाची माफी मागते आहे. मी डोळे उघडे ठेवून गिळलं. मग दुसरा घोट. तिसरा.

बांगड्यांचा आवाज थांबला होता. कुणीतरी अगं बाई म्हणालं, अगदी हळू.

“दुर्गाची जीभ अजून वळत नाही,” मी म्हणाले. आवाज माझा नेहमीचाच, लहान. पण मंडपात इतकं शांत होतं की शेवटच्या बाईपर्यंत गेला. “मी चालतं म्हटलं होतं. चालत नाही.”

नलूबाईंचा वाळूचा हात पदराकडे गेला की कपाळाकडे, ते बघायला मी थांबले नाही. सावंगीची गाडी सव्वासातला फाट्यावर येते आणि प्रभा आठला पूजेला बसते. बाटलीला झाकण लावून मी वहाणा पायात सरकवल्या आणि फाट्याच्या रस्त्याला लागले.